फटफटीला लावलेले सूत

वाचक, तुम्ही आत्ता ज्या भिंतीला टेकून हे वाचत आहात ती सरळ आहे, असे तुम्ही कशावरून म्हणता? डोळ्यांना तशी दिसते म्हणून? मग एक करा, हे उत्तर माझ्या आत्याच्या यजमानांसमोर देऊ नका. एवढ्या उत्तरावर त्यांनी भल्याभल्यांशी बोलणे सोडले आहे. निजाम सरकारच्या या साऱ्या मुलुखात सरळ म्हणावी अशी एकच वस्तू आहे आणि ती आपल्या बंडीच्या खिशात आहे, असे त्यांचे ठाम मत आहे. ती वस्तू म्हणजे मेण चोळलेले लांबलचक सूत. शिसवीच्या एका तुकड्यावर ते गुंडाळलेले असते, आणि आत्या म्हणते की लग्नात तिच्या गळ्यात मंगळसूत्र घालायच्या आधी या गृहस्थांनी त्याचा दोरा ताणून पाहिला होता.

आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. चौसाळ्याच्या अलीकडे आमचे गाव आहे. तिथे त्यांची बऱ्यापैकी जमीन आहे, ती कसायला माणसे आहेत, आणि त्यामुळे जगातला वाकडेपणा शोधायला मामांना भरपूर सवड आहे. गंमत अशी की त्यांची स्वतःची मान जन्मापासून डाव्या खांद्याकडे कललेली आहे. पागोटे बांधले की ते पडेल की काय असे नव्या माणसाला वाटते आणि तो हात पुढे करतो. मामांना त्याचा राग येत नाही. उलट आपल्या साऱ्या शास्त्राचा पाया त्यांनी या मानेवरच उभारला आहे. "माझे डोळे तिरके टांगलेले हायेत," ते सांगतात, "मला त्यांच्यावर इस्वास ठेवता येत न्हाई. तुमचे डोळे सरळ टांगलेत, म्हणून तुमी फसता."

सुताला दोन टोके असतात आणि मामा एक असतात, हा या छंदातला एकच अडथळा. म्हणून त्यांच्या ओट्यासमोरून जाणाऱ्या कुणाच्याही हातात अचानक सुताचे टोक येते. तो पोस्टाचा माणूस असो, नवरदेव असो, नाहीतर तालुक्याहून आलेला कारकून असो; त्याने ते टोक दाबून धरायचे आणि मामा पुढे सरकतील तसे सोबत सरकायचे. माझ्या आतेबहिणीला पाहायला पाहुणे आले होते. मुलाच्या वडिलांनी अजून पायही धुतले नव्हते, तोच मामांनी त्यांना दाराच्या चौकटीपाशी टोक धरून उकिडवे बसवले. दार बोटभर ढळलेले निघाले. मग मामांनी मागचे दार धरले, मग गोठ्याचे. आत मुलगी पोह्यांचे ताट घेऊन ताटकळत उभी, आणि व्याही होऊ घातलेले गृहस्थ शेणात गुडघे टेकून "अजून जरा ताणू का?" असे विचारत आहेत. लग्न जमले. ते व्याही आजही आले की माणसांच्या आधी सुताची चौकशी करतात.

गावात जेवणावळ असली की पत्रावळी मांडायचे काम मामांकडे असते. म्हणजे ते त्यांना कुणी दिलेले नाही, पण काढून घ्यायची कुणाची छाती नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सूत लागल्याशिवाय वरण वाढायचे नाही. भुकेने कासावीस झालेली पंगत सूत पोटाला टेकेपर्यंत पुढे-मागे सरकत राहते. भात गार होतो, पण बसलेली पंगत अशी दिसते की वाढणाऱ्यालाही चालताना आपोआप ताठ व्हावे लागते. देवळापुढची दीपमाळ पूर्वेकडे झुकली आहे, असे त्यांनी माझ्या लहानपणीच जाहीर केले होते. ती अजून पडलेली नाही. गावाने हसून सोडून दिले, मामांनी सोडलेले नाही; ते अजूनही पश्चिमेच्या बाजूनेच देवळात जातात.

माझे आणि त्यांचे वाजत असे ते पत्रकांवरून. नगरकडून सरहद्द ओलांडून चोरून येणाऱ्या पत्रकांवर मी वाढलो. त्यांतली वाक्ये मला कवितांसारखी पाठ होती. पुढे मी स्वतः लिहू लागलो. पहिले पत्रक हाताने छापून मी मोठ्या अभिमानाने मामांच्या हातात दिले. जुलूम, जबरदस्ती, शिंदीचे ठेके, वेठबिगार, सगळे त्यात होते. मामांनी सूत काढले, एक टोक माझ्या हातात दिले, कागदावर ओळीशेजारी धरले आणि म्हणाले, "उताराला लागल्यात तुझ्या ओळी." मी चिडून म्हणालो की मामा, ओळींचे जाऊ द्या, हे राज्यच वाकडे आहे. त्यांनी सूत पुन्हा शिसवीच्या तुकड्यावर गुंडाळायला घेतले. "आसंल," ते म्हणाले. "मला त्ये सूत लावायला आणून दे. मग सांगतो."

पण त्यांचा खरा आवडीचा विषय म्हणजे रस्ता. सकाळी उठून ते गावाबाहेर जात आणि रात्रभरात कुणाची गाडी कशी गेली ते चाकोरीवरून वाचत. बैलगाडीची दोन चाके मातीत दोन चाकोऱ्या पाडतात. कणा तिरपा असला तर चाकोरीची एक कड खोल जाते, चाक डुलत असले तर चाकोरी नागमोडी होते. गावातल्या प्रत्येक गाडीच्या चाकोरीवर त्यांचे मत होते आणि ते वाईट होते. अपवाद फक्त सोपानचा. सोपान हा आमच्या गावचा गाडीवान. कपिलधारच्या यात्रेला जाणारी माणसे तो आपल्या गाडीतून नेत असे, त्यावरच त्याचे घर चाले. त्याचे बैल, वजीर आणि लाल्या, हाक मारल्याबरोबर मान जुवाखाली घालत. मामा त्याला कधी चांगले बोलल्याचे मी ऐकले नाही, पण त्याच्या चाकोरीशेजारून चालताना ते पाय उचलून चालत, ती पुसली जाऊ नये म्हणून.

त्या वर्षी पावसाळ्यात मात्र मामांना एका गोष्टीने छळले. ओढ्याच्या काठच्या चिखलात त्यांना दोन बारीक चाकोऱ्या दिसत. एकमेकींना खेटून, चार बोटांच्या अंतराने, मैलभर सोबत चाललेल्या. त्यांनी निष्कर्ष काढला की कुणीतरी दोन सायकलवाले एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून या रस्त्याने जातात. "दोस्ती आसावी," ते आत्याला म्हणत, "पण इतकी? सारा रस्ता मोकळा पडलाय, आन् ह्ये एकमेकाला चिकटून चाललेत." त्या दोघांना गाठून खडसावण्यासाठी ते ओढ्याच्या काठी छत्री घेऊन बसत. सायकलवाले काही सापडेनात. चिखल वाळून दगडासारखा झाला, पावसाळा संपला, पोळा कधीच होऊन गेला, दिवाळीही झाली, तरी जेवताना मध्येच त्यांना त्या दोघांची आठवण येई आणि घास हातात राही.

दिवाळीनंतर ती घटना घडली. आमच्या भागातल्या शिंदीच्या दुकानांचा ठेका ज्याच्याकडे होता, त्या ठेकेदाराने आषाढाच्या तोंडाशी एक फटफटी आणली होती. ती मुंबईहून नवी कोरी आणली, असे तो जाईल तिथे सांगे. तिचा आवाज आला की कोंबड्या माळवदावर चढत आणि माणसे बांधाखाली उतरत. एका दुपारी सोपान ओढ्यापाशी गाडी उभी करून बैलांना पाणी दाखवत होता. ठेकेदार उतारावरून भरधाव आला, त्याला फटफटी आवरली नाही आणि ती गाडीच्या चाकाला धडकली. ठेकेदाराचा कोपर खरचटला. तेवढ्यावर प्रकरण मिटले असते. पण चावडीत येऊन त्याने सांगितले की गाडीवानाने मुद्दाम गाडी आडवी घातली, फटफटीची लोखंडी चौकट वाकली आणि ती आता सरळ चालत नाही. नुकसान म्हणून मला गाडीवानाची बैलजोडी हवी. वरच्या दरबारी त्याचे बसणे-उठणे होते. पाटलांनी मान खाली घालून वजीर आणि लाल्याला कोंडवाड्यात घातले आणि पंच बोलावले.

बैल गेले की सोपान गाडीवान राहणार नव्हता, हे गावातल्या प्रत्येकाला कळत होते. यात्रा तोंडावर आली होती. त्याची बायको गया सकाळ-संध्याकाळ कोंडवाड्याच्या कुडातून कडब्याची पेंढी आत ढकलत असे आणि बैल तिचा हात चाटत. मी दुपारभर खपून एक जळजळीत पत्रक लिहिले. सोपानला लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून मी ते त्याला मोठ्याने वाचून दाखवले. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, "दादा, ह्येनं बैल सुटतील का?"

पंचांच्या बैठकीला मामा एका कोपऱ्यात बसले होते. गुन्हा, नुकसान, फैसला, जप्ती, यांतल्या एकाही शब्दाने त्यांची पापणी हलली नाही. पण ठेकेदार बोलता बोलता म्हणाला, "धडकेच्या आधी तीरासारखी सरळ होती, आता वाकडी झाली," आणि मामा उठून उभे राहिले.

"वाकडी हाय ह्ये कुनी बघितलं?" त्यांनी विचारले.

ठेकेदार म्हणाला की मी बघितले, मी चालवतो, हॅण्डल सोडले की एका बाजूला ओढते. मामांनी हात झटकला. डोळ्याने दिसणे आणि हाताला जाणवणे या दोन्ही गोष्टी त्यांच्या लेखी पुरावा नव्हत्या. त्यांनी पंचांना समजावून सांगितले की बैलगाडीची दोन चाके शेजारी असतात, फटफटीची एकामागे एक. तेव्हा चौकट सरळ असेल तर मागचे चाक पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकील आणि जमिनीवर एकच चाकोरी उमटेल. चौकट वाकलेली असेल तर मागचे चाक बाजूला सरकेल आणि दोन चाकोऱ्या उमटतील. चावडीपुढे राख पसरू, मधोमध सूत ताणू, सुताच्या रेषेवर फटफटी ढकलू. एक पडली तर बैल सोपानचे, दोन पडल्या तर ठेकेदाराचे. पंचांना हे पटले. ठेकेदाराने तर इतक्या आनंदाने मान डोलावली की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

मामा घरी येऊन बसले तो गया दारात उभी. मामा, सगळे तुमच्या हातात आहे, एवढेच ती म्हणाली. मामांनी तिच्याकडे पाहिले नाही. "माझ्या हातात न्हाई बाई," ते म्हणाले. "सुताच्या हातात हाय. आन् सूत कुनाच्या बापाचं न्हाई." ती गेल्यावर आत्याने त्यांना ताट वाढले आणि सावकाश म्हणून पाहिले की राखेत काय, बारीक दिसते काय आणि न दिसते काय, एकच चाकोरी आहे म्हटल्याने कुणाचे काय जाते. मामांनी ताट सरकवले. त्यांचा कल सोपानकडे होता हे आम्हा दोघांनाही दिसत होते. ते त्या संध्याकाळी जेवले नाहीत, यावरून ते आणखी स्पष्ट झाले. पण कल असणे ही गोष्टच मुळात त्यांना मंजूर नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघरच्या बायांनी चुलीतली राख पाट्या भरभरून आणली. मामांनी ती चाळून घेतली, आपल्या हातांनी पसरली, फळीने दाबून आरशासारखी केली. सुताचे एक टोक पाटलांच्या हातात आणि दुसरे माझ्या. सारे गाव कडेने उभे. सोपान मात्र कोंडवाड्याकडे तोंड करून बसला होता. फटफटी घेऊन आला तो दगडू, ठेकेदाराचा माणूस. तो ती रोज पुसायचा, तिच्यावर कुणी बोट टेकवले तर तिथे पुन्हा पुसायचा, आणि तिच्याविषयी 'आमची' असे म्हणायचा. बैठकीच्या दिवशी तो फटफटी धुण्यात गुंतला होता, त्यामुळे कशाची परीक्षा आहे हे त्याला कुणी सांगितले नव्हते. त्याला वाटले, गावाने फटफटी पाहायला बोलावली आहे. तो ऐटीत होता.

मामांनी त्याला सांगितले की हॅण्डल हलू न देता पुढचे चाक सुताशेजारून ने. त्याने नेले. राखेवरून जाताना चाकांचा फक्त बारीक चुरचुर आवाज झाला. फटफटी पलीकडे गेली आणि मामा खाली वाकले. मान आणखी कलती झाली. त्यांनी एक गवताची काडी घेतली, राखेत आडवी धरली, नखाने मोडून मापाची केली. मग उभे राहिले. त्यांचा चेहरा पाहूनच माझ्या हातातले सूत ढिले पडले.

"सूत ताण," ते मला म्हणाले, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असे, "दोन हायेत."

दोनच होत्या. चार बोटांच्या अंतराने, एकमेकींना खेटून. मला त्या क्षणी मामांचा जितका राग आला तितका कुठल्या अमलदाराचाही कधी आला नव्हता. आणि त्याच वेळी मला हेही कळत होते की सोपानच्या बाजूने बोलणारा एकमेव माणूस त्याच्याविरुद्ध जाणारी गोष्ट कुणी विचारायच्या आत मोठ्याने सांगतो आहे. ठेकेदार हसला. पाटील खाकरले आणि म्हणाले की मग ठरले, फटफटी वाकडी आहे.

"वाकडी?" दगडू म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "वाकडी कावून म्हनता पाटील? चांगली हाय की."

पाटलांनी राखेकडे बोट दाखवले. दोन चाकोऱ्या पडल्या, बघ.

"मंग? दोन चाकं हायेत, दोन पडनारच," दगडू म्हणाला. "आल्या दिसापासून दोनच पाडती आमची. तुमच्या गाड्यांच्या न्हाई का पडत दोन?"

ठेकेदार ओरडला, "चूप बैठ बे." पण दगडूचा अभिमान दुखावला होता आणि त्याला वाटत होते की आपण मालकाचीच बाजू लढवतो आहोत. पाटलांनी जरबेने विचारले, दगडू, तू सोपानच्या वतीने बोलतोस काय? "मी कशाला सोपानचं बोलू? साह्यबांचं बोलतोय. पुसा की समद्यांना." आणि त्याने गावाकडे हात केला.

खरेच, गावाने ते पाहिले होते. सगळ्यांनी पाहिले होते. ज्या गावाने जन्मभर बैलगाड्या पाहिल्या, त्याला चाके म्हटली की दोन चाकोऱ्या हे इतके साहजिक वाटे की फटफटीच्या दोन पाहून कुणाला नवल वाटलेच नव्हते. आता एकेक जण बोलू लागला. पोळ्याला बैल धुवायला गेलतो तवा बघितल्या. पंचमीला बघितल्या. आमच्या बांधाशेजारून गेल्यात. जी गोष्ट चार महिने साऱ्यांच्या पायाखाली होती, ती त्या राखेसमोर पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात येत होती.

मामा मात्र दगडूकडे पाहत होते, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असा प्रकाश पसरत गेला की तो मी पुन्हा कधी पाहिला नाही.

"म्हंजे," ते म्हणाले, "त्ये दोन सायकलवाले..."

वाक्य पुरे न करता ते धोतर सावरून ओढ्याकडे धावत सुटले. त्यांच्या मागे सूत धरलेला मी, माझ्या मागे दुसरे टोक सोडायचे विसरलेले पाटील, आणि त्यांच्या मागे सारे गाव. मध्येच ठेकेदारही, कारण एकटाच मागे राहिला असता तर ते वाईट दिसले असते. ओढ्याच्या काठी पावसाळ्यातला काळा चिखल वाळून खडक झाला होता. धडक झाली त्या दुपारी त्या जमिनीवर कुदळही उमटली नसती. आणि त्या खडकात, पोळ्याच्या सुमाराच्या गुरांच्या खुरांखाली दबलेल्या, मैलभर सोबत चाललेल्या त्या दोघी होत्या.

मामा गुडघ्यांवर बसले. मुठीत जपून आणलेली काडी त्यांनी दोन्ही चाकोऱ्यांच्या मध्ये ठेवली. ती अशी बसली की बोटाने उचलावी लागली. मग त्यांनी ती पाटलांच्या हातात दिली. पाटलांनी ठेवून पाहिली, पंचांनी ठेवून पाहिली, दगडूने मोठ्या कौतुकाने ठेवून पाहिली आणि "बघा, मी म्हनलं न्हवतं," असे म्हणून मालकाकडे वळला. मामा उठले आणि ठेकेदारापुढे उभे राहिले.

"तुमीच म्हनला, धडकेच्या आधी तीरासारखी सरळ व्हती. आता सांगा, पोळ्याच्या आधी कुनाच्या बैलगाडीनं वाकवली?"

ठेकेदाराने पाटलांकडे पाहिले. पाटलांनी मागे पाहिले. मागे सारे गाव उभे होते, हातांना राख लागलेल्या बाया सगळ्यांत पुढे. पाटलांना मी आयुष्यभर घाबरताना पाहिले आहे, पण त्या दिवशी कुणाला घाबरायचे याची त्यांनी नव्याने निवड केली. बैल सोडा, असे ते म्हणाले, आणि इतक्या मोठ्याने म्हणाले की त्यांचे त्यांनाच आश्चर्य वाटले.

कोंडवाड्याचे दार उघडले तेव्हा हलगी कुठून आली ते कुणालाच ठाऊक नाही. वजीर आणि लाल्या गावातून मिरवत निघाले. गया पुढे चालत होती आणि तिच्या कपाळावर कुणीतरी लावलेला गुलाल घामाने ओघळत होता. सोपान बैलांच्या वशिंडावर हात ठेवून चालला होता. मी माझे पत्रक खिशात चाचपून पाहिले. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, पण त्या सगळ्या शब्दांनी मिळून जे झाले नसते ते एका गवताच्या काडीने केले होते. काडीला कल नव्हता, म्हणून केले होते. न्याय मागणाऱ्याने आधी स्वतःविरुद्ध जाणारे माप मोठ्याने सांगायला शिकावे, हे मी कुठल्याही पत्रकात वाचलेले नाही.

तुम्हाला वाटेल, गोष्ट इथे संपली. मामांची नव्हती संपली. ठेकेदार तोंड फिरवून फटफटीवर बसायला गेला, तो मामांनी हॅण्डल धरले.

"वाकडी गाडी घिऊन माझ्या गावातून जायचं न्हाई," ते म्हणाले.

ठेकेदाराला ही धमकी वाटली. ती तशी नव्हती. मामांना ते खरोखरच सहन होत नव्हते. त्यांनी लोहाराला हाक मारली, भाता पेटवला, चौकटीचा वाकलेला दांडा तापवून लाल केला, फटफटी निंबाच्या बेचक्यात अडकवली आणि पहार घालून चार गडी लावले. जिंकलेले सारे गाव हरलेल्या माणसाची फटफटी सरळ करायला दुपारभर राबत होते. हिसका, मग सूत. पुन्हा हिसका, पुन्हा सूत. ठेकेदार निंबाखालच्या दगडावर बसून राहिला. आत्याने त्याच्याही हातात चहाची कपबशी दिली, आणि काही वेळाने पाहतो तो हा माणूस मुकाट्याने सुताचे दुसरे टोक धरून उकिडवा बसला आहे, अगदी आमच्या व्याह्यांसारखा. त्यानेच मग सांगितले की फटफटी मुंबईच्या पलटणीतल्या एका गोऱ्या सोजिराने टाकून दिलेली होती, घेतल्यापासूनच ओढत होती, पण नवी म्हणून सगळ्यांना सांगून बसल्यावर ते बोलणार कुणाजवळ?

दिवस कलायच्या आत चावडीपुढे राख पुन्हा सपाट केली. फटफटी तिच्यावरून गेली. एकच चाकोरी, जणू कुणी बोटाने रेघ ओढावी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठेकेदार बसला, निघाला, आणि ओढ्याच्या उतारावर त्याने क्षणभर हॅण्डलवरचे दोन्ही हात उचलून पाहिले. फटफटी सरळ गेली. दगडू मात्र मागे चालताना हिरमुसलेला होता. तो मला हळूच म्हणाला, "आधी दोन पाडत व्हती, दादा. आता एकच."

मामा त्या एका चाकोरीच्या कडेकडेने पाय उचलून चालत ओढ्यापर्यंत गेले आणि अंधारेपर्यंत परत आले नाहीत.

या गोष्टीला आता काही वर्षे झाली. सोपानची गाडी अजून कपिलधारला जाते. मला माझ्या उद्योगांमुळे गावात फार राहता येत नाही. सरहद्दीच्या अलीकडे-पलीकडे करावे लागते. मधे चोरून गेलो होतो तेव्हा मामा ओट्यावरच बसलेले दिसले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले आहेत. सूत आता त्यांना दिसत नाही. ते ताणून धरतात, अंगठ्याने छेडतात आणि कान देऊन ऐकतात. मग बोट त्याच्यावरून फिरवत नेतात आणि भिंतीला कुठे लागते ते चाचपतात. मी आलो हे त्यांनी पावलांवरून ओळखले. सुताचे टोक माझ्यापुढे केले. आम्ही ओट्याची कड धरली. "कशी हाय?" त्यांनी विचारले. ती मधे बरीच खचली होती. मी सांगितले. ते समाधानाने हसले. म्हणाले, आताशा आत्या काहीही सरळच आहे म्हणते, मला बरे वाटावे म्हणून. पण मला सुताच्या आवाजावरून कळते.

म्हणून वाचक, तुमच्याकडे एक मागणे आहे. बीडहून चौसाळ्याकडे जाताना एका गावाशी ओढा लागतो आणि ओढ्यापलीकडे निंबाचे झाड. तिथे ओट्यावर मान डावीकडे कललेले एक म्हातारे गृहस्थ बसलेले दिसतील. घाईत असलात तरी क्षणभर थांबा. ते तुमचे नाव-गाव विचारणार नाहीत, नुसते सुताचे टोक पुढे करतील. ते घ्या आणि घट्ट धरा. आणि ते विचारतील, "सरळ हाय का?" तेव्हा जे दिसेल तेच सांगा. त्यांना बरे वाटावे म्हणून 'हो' म्हणू नका.